तुरुंगातील तालीम

या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'तुरुंगातील नाटक' असे सांगितले, आणि ते क्षणभर गप्प झाले. मी कामगार संघटनेचा माणूस. बोनस, ग्रॅच्युइटी, कंत्राटी पद्धत यांवर मी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असणार, आणि ती रास्तच होती. माझे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर. तेव्हा नाट्यशास्त्रातले मला काही कळते असे मी म्हणणार नाही. परंतु तालीम म्हणजे काय हे मला कळते. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांत मी दहा-बारा वर्षे तोंडाला रंग लावला आहे, आणि एकदा चौदा दिवस तुरुंगातही काढले आहेत. या दोन गोष्टींची गाठ माझ्या आयुष्यात एकदाच पडली. ती हकीकत शेवटी सांगेन. ती काही माझ्या मोठेपणाची नाही.

तुरुंग म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे भिंत उभी राहते. आत गेलेल्याला चार दिवसांत भिंत दिसेनाशी होते. दिसत राहते ती गिनती. सकाळी बराक उघडताना मोजायचे, संध्याकाळी बंद करताना मोजायचे, मध्ये कुठे नेले तर जाताना आणि येताना मोजायचे. आता क्रमांकाने ओळखले जाण्याची मला सवय होती. कारखान्यात माझ्याही बिल्ल्यावर आकडाच होता. पण कारखान्यात मी खाडा केला तर शेजारच्या यंत्रावरचा गडी अडून बसतो, मला दोन शिव्या घालतो आणि संध्याकाळी घरी येऊन विचारतो, "का रे, बरं नाही का?" त्या शिवीत माझी किंमत असते. तुरुंगात तुमच्यावाचून कोणाचे काहीच अडत नाही. आकडा जुळला की झाले. माणूस वाईट वागतो तो पुष्कळदा या जागी पोहोचल्यावर, आपण असलो काय नि नसलो काय, हे त्याला पक्के पटल्यावर.

नाटकाची तालीम नेमकी हीच गोष्ट उलटी फिरविते. मी माझे वाक्य उच्चारल्याखेरीज तुम्हांला तुमचे वाक्य म्हणता येत नाही. मी आलो नाही तर तुम्ही अडता. नाटकातला उपदेश, त्याचे वाङ्मयीन मूल्य हे सारे पुढचे. आधी हे अडणे आहे. तुरुंगांतील नाटकांविषयी जे काही मी वाचले त्यात मला पुन्हा पुन्हा हेच आढळले, म्हणून काही उदाहरणे जरा तपशिलाने सांगतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या काठी, सॅन क्वेंटिन नावाचा जुना तुरुंग आहे. १९ नोव्हेंबर १९५७ या दिवशी तेथे सुमारे चौदाशे कैद्यांपुढे एक नाटक झाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'ॲक्टर्स वर्कशॉप' या मंडळीने हर्बर्ट ब्लाउ यांच्या दिग्दर्शनाखाली सॅम्युएल बेकेट यांचे 'वेटिंग फॉर गोदो' केले. १९१३ साली सारा बर्नहार्ट ही फ्रेंच नटी येऊन गेल्यानंतर त्या तुरुंगात जिवंत नाटक असे झालेच नव्हते. हेच नाटक का निवडले? फार मोठे कारण नाही. त्यात स्त्रीपात्र नाही, म्हणून अधिकाऱ्यांना ते सोयीचे वाटले.

नाटकाची कथा म्हणाल तर कथाच नाही. एका झाडाखाली दोन भणंग माणसे गोदो नावाच्या कोणा एकाची वाट पाहत बसली आहेत. गोदो येत नाही. एक पोरगा निरोप घेऊन येतो, की आज नाही, उद्या येतील. दुसऱ्या अंकातही तेच. भल्याभल्या शिकलेल्या प्रेक्षकांना हे नाटक कळले नव्हते आणि काही जण चिडून उठून गेले होते. तेव्हा चौदाशे गुन्हेगारांपुढे आपले काय होणार या काळजीने नट घाबरलेले. ब्लाउ पडद्यापुढे आले आणि त्यांनी प्रेक्षकांना एवढेच सुचविले, की जाझचे संगीत जसे ज्याला जे सापडेल ते घेत ऐकतात तसे हे पाहा. पडदा उघडला आणि चौदाशे माणसे शेवटपर्यंत बसून राहिली. नंतर कैद्यांच्याच वृत्तपत्रात परीक्षण आले. कोणी म्हणाला गोदो म्हणजे समाज, कोणी म्हणाला गोदो म्हणजे बाहेर. वाट पाहणे ही काय चीज आहे हे त्या प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. तारीख पुढची मिळाल्याचा निरोप ज्यांनी दहादा ऐकला आहे, त्यांना त्या पोराचे बोलणे ओळखीचेच वाटणार!

हे नाटक कैद्यांपर्यंत त्याच्याही आधी एकदा पोहोचले होते. पॅरिसमध्ये त्याचा पहिला प्रयोग जानेवारी १९५३ मध्ये झाला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात जर्मनीतील ल्यूट्रिंगहाउझेन येथील तुरुंगात एका कैद्याने ते स्वतःच फ्रेंचवरून जर्मनमध्ये उतरवून, सोबत्यांना कामे वाटून, करून दाखविले. पुढे त्याने बेकेटना तसे पत्रही लिहिले. लेखक मोठा, पण असे पत्र त्यालाही रोज येत नसणार.

सॅन क्वेंटिनकडे पुन्हा वळतो, कारण खरी गोष्ट त्या रात्रीनंतरची आहे. रिक क्लूची नावाचा एक तरुण तेथे जन्मठेप भोगीत होता. सुटकेची आशा नाही अशी शिक्षा. त्याला त्या रात्री कोठडीबाहेर सोडलेच नव्हते. त्याने ते नाटक पाहिले नाही. तुरुंगातल्या ध्वनिक्षेपकावरून कोठडीत बसून ऐकले. पुढे त्याने आणि इतर कैद्यांनी अधिकाऱ्यांची परवानगी काढून स्वतःची नाटक मंडळी उभी केली. तीच 'सॅन क्वेंटिन ड्रामा वर्कशॉप'. तुरुंगातल्या जुन्या फाशीच्या खोलीत पाचपन्नास माणसे बसतील एवढे नाट्यगृह केले आणि तेथे त्यांनी बेकेटची नाटके केली. क्लूचीने स्वतः 'द केज', म्हणजे पिंजरा, या नावाचे नाटक लिहिले. १९६६ साली राज्यपालांनी शिक्षा कमी केल्यावर तो सुटला. १९७७ मध्ये बर्लिनला प्रत्यक्ष बेकेटनी त्याला घेऊन 'क्रॅप्स लास्ट टेप' बसविले. २०१५ मध्ये तो वारला, तोवर तो नटच होता.

एवढे ऐकून, नाटकाने माणूस सुधारतो असा निष्कर्ष कोणी काढील. मी काढणार नाही. त्या कैद्यांपैकी एक क्लूची झाला. उरलेल्यांचे काय झाले हे कोणी लिहून ठेवलेले नाही. मला त्या गोष्टीत जे दिसते ते लहान आहे. ज्याला कोठडीबाहेर सोडण्याची भीती वाटत होती त्याच्यासाठी काही वर्षांनी दहा जण तालमीला खोळंबत होते.

१९५७ हेच वर्ष आपल्याकडे 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाचे. व्ही. शांताराम यांचा तो बोलपट पुष्कळांनी पाहिला असेल, कथा ग. दि. माडगूळकरांची. तिच्यामागे औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली वसविलेल्या स्वतंत्रपूर या खुल्या वसाहतीचा प्रयोग होता. तेथे नाटक नव्हते, शेती होती. पण मुद्दा तोच: विहिरीवर एकाने हात सोडला तर दुसऱ्याचे पाणी थांबते.

आता कार्यशाळेत प्रत्यक्ष काय करतात ते सांगतो, कारण 'कार्यशाळा' हा शब्द हल्ली इतका वापरला जातो की त्यात काय होते हे कोणी विचारीतच नाही. पहिल्या दिवशी संहिता नसते. सर्वांनी गोल उभे राहावयाचे. गोल यासाठी की त्यात पुढे-मागे नसते, आणि तुरुंगात ओळीत बसण्याची सवय असल्यामुळे एवढ्यानेच निम्मे लोक अवघडतात. मग नाव सांगायचे आणि त्याबरोबर एक हावभाव करायचा. बाकीच्यांनी ते नाव आणि तो हावभाव परत करायचा. पोरखेळ वाटतो. पण ज्याचे नाव फक्त पुकारा होतो तेव्हाच ऐकू येते, त्याने वीस जणांच्या तोंडून ते एकदम ऐकणे ही वेगळी गोष्ट आहे. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल यांच्या खेळांपैकी एकात एक माणूस दुसऱ्याच्या चेहऱ्यासमोर आपला तळहात धरतो आणि हळूहळू हलवितो. दुसऱ्याने तेवढेच अंतर राखून चेहरा त्यामागे न्यावयाचा. वाकायचे, वळायचे, प्रसंगी जमिनीपर्यंत जायचे. मग पाळी बदलते. ज्याने पहिल्या खेपेला मुद्दाम आडवेतिडवे फिरविले, त्याला दुसऱ्या खेपेला काय होईल याची धास्ती पडते, आणि सगळे हसतात. बोआल स्वतः १९७१ साली लष्करी राजवटीच्या तुरुंगात होते. तेथे त्यांचा छळ झाला आणि नंतर देशही सोडावा लागला. पुढे त्यांनी ब्राझीलच्या तुरुंगांतही काम केले.

त्यांची 'फोरम' नाटकाची रीत आम्हां संघटनेच्या माणसांना चटकन पटावी अशी आहे. एक छोटा प्रसंग करून दाखवायचा, ज्याचा शेवट वाईट होतो. समजा, सात वर्षांनी घरी आलेला बाप दार ठोठावतो आणि मुलगा दार उघडीत नाही. बाप ओरडतो, लाथ मारतो, शेजारी पोलिसांना बोलावतात. प्रसंग संपला. आता तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि बघणाऱ्यांपैकी कोणीही 'थांबा' म्हणून उठावे, बापाच्या जागी उभे राहावे आणि आपल्याला सुचेल तसे वागून पाहावे. मुलाचे काम करणारा मात्र सहजासहजी वश होत नाही. कोणी विनवणी करतो, कोणी खिडकीशी बसून राहतो, कोणी आधी पत्र पाठवायला हवे होते म्हणतो. बरोबर उत्तर कोणीच सांगत नाही. आमच्या फाटकसभांत आम्ही पुढारी नेहमी उत्तर घेऊनच येतो. बोआल वाचल्यावर मला त्याची थोडी लाज वाटली.

इंग्लंड-अमेरिकेतील 'गीस थिएटर' ही मंडळी मुखवटे वापरते. जॉन बर्गमन यांनी १९८० मध्ये अमेरिकेत ती काढली, १९८७ मध्ये इंग्लंडातही तिची शाखा निघाली. पात्र मुखवटा घालून बोलते तेव्हा ते जगाला दाखवायचे बोलणे असते. मुखवटा वर उचलला की आतले. समोरचे कैदीच ओरडून सांगतात, मुखवटा काढ! आणि मग 'मला काय फरक पडतो' म्हणणारा गुंड मुखवट्याखाली भ्यालेला निघतो. हे ओळखणारे प्रेक्षक तुरुंगात जितके मिळतील तितके नाट्यगृहात मिळणार नाहीत.

दुसऱ्याच्या जागी उभे राहणे ही नाटकातली सर्वांत कठीण मजुरी. कामगारांच्या नाटकात मालकाचे काम करायला कोणी तयार नसे, आणि शेवटी ते सर्वांत चांगल्या नटाच्या गळ्यात पडे. दक्षिण आफ्रिकेतील रॉबेन बेटावर राजकीय कैद्यांनी 'अँटिगनी' हे ग्रीक नाटक केले, तेव्हा नेल्सन मंडेला यांनी क्रिऑन या हट्टी राजाचे काम केले. बंडखोर अँटिगनीच्या बाजूचा माणूस, आणि वाक्ये सत्तेची! त्यांनी आपल्या आत्मचरित्रात याची आठवण लिहिली आहे.

भाषेचा एक मुद्दा सांगितलाच पाहिजे. रोमच्या रेबिब्बिया तुरुंगात कडक पहाऱ्याच्या विभागातील कैद्यांनी शेक्सपिअरचे 'ज्युलियस सीझर' केले. त्यावर ताव्हियानी बंधूंनी काढलेल्या चित्रपटाला २०१२ साली बर्लिनच्या महोत्सवात पहिले पारितोषिक मिळाले. तेथील कैद्यांना शेक्सपिअर आपापल्या बोलीत बोलू दिला: कोणाची नेपल्सची, कोणाची सिसिलीची. त्यांतील कित्येक माफिया टोळ्यांतले. मित्राला कटात ओढणे, मानासाठी सुरा चालविणे हे त्यांच्यासाठी रोमचा इतिहास नव्हता. आपल्याकडे शिबिर घेणारे पुष्कळदा पहिल्याच दिवशी उच्चार सुधारायला बसतात. वऱ्हाडातल्या किंवा मालवणातल्या माणसाला पुस्तकी मराठी बोलायला लावले की तो पाठ म्हणतो, नाटक करीत नाही.

आपल्या देशातही हे काम झालेले आहे. म्हैसूरच्या 'रंगायण'चे कलावंत हुलुगप्पा कट्टीमनी यांनी कर्नाटकातील कारागृहांत कैद्यांना घेऊन नाटके बसविली, आणि बंदोबस्तात बाहेरच्या रंगमंदिरांतही त्यांचे प्रयोग केले. कोलकात्यात नर्तकी अलोकानंदा रॉय यांनी २००७ च्या सुमारास प्रेसिडेन्सी कारागृहात काम सुरू केले आणि रवींद्रनाथांचे 'वाल्मीकिप्रतिभा' कैद्यांकडून करविले. दरोडेखोराचा वाल्मीकी होतो ती कथा. वाल्मीकीचे काम करणारा कैदी पुढे सुटला, आणि २०१२ च्या 'मुक्तधारा' या बंगाली चित्रपटात त्याने भूमिका केली. कथेची निवड जरा फारच सोयीची वाटते हे मी कबूल करतो. वाल्याचा वाल्मीकी झाल्याचे बघायला आपल्याला आवडते, कारण वाल्या आपल्याच गावचा होता हे त्यात विसरता येते. पण प्रयोगानंतर पोलिसांच्या गाडीत बसण्यापूर्वी त्या माणसांना प्रेक्षकांच्या टाळ्या ऐकू आल्या, हे काही खोटे नाही.

आपल्याकडची मोठी अडचण वेगळीच आहे. २०२२ अखेरच्या सरकारी आकड्यांप्रमाणे भारतातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतील ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे खटला अजून चालू असलेले. दर चारांत तिघे! असा माणूस आज तालमीला आहे, उद्या तारखेला गेला, परवा जामिनावर सुटला किंवा दुसऱ्या तुरुंगात हलविला. मग नाटक उभे कसे राहावे? यावर उपाय गिरण्यांत जुना आहे: बदली कामगार. प्रत्येक भूमिका दोघातिघांनी पाठ ठेवायची. त्यात एक फायदाही निघतो. एकच माणूस तीन जण तीन तऱ्हांनी करून दाखवितात आणि त्यावर वाद होतात. दुसरी अडचण खुद्द तुरुंगाच्या माणसांची. बराकी संध्याकाळी लवकर बंद होतात, शिपायांची संख्या अपुरी, आणि तालीम म्हणजे त्यांच्या डोक्यावर जास्तीचा भार. त्यांना बाजूला ठेवून केलेले नाटक फार दिवस चालत नाही. शिपाईसुद्धा पाळीवर आलेला कामगारच आहे. त्यालाही गोलात घ्यावे.

आता तुमच्यांतील काहींच्या मनात जो प्रश्न आहे तो. ज्यांनी दुसऱ्यांची घरे उद्ध्वस्त केली त्यांनी नाटके करावी काय? आमच्या चाळीत एका मुलाचा खून झाला. त्याची आई अजून त्याच खोलीत राहते. ज्याने तो केला तो तुरुंगात नाटकात काम करतो असे उद्या कळले, तर त्या माउलीपुढे मी वरचे एकही वाक्य उच्चारणार नाही. प्रयोगाला चला असे तर मुळीच म्हणणार नाही. तिचे दुःख आणि त्याची तालीम यांचा हिशेब जुळवून देण्याची विद्या मला येत नाही. अमेरिकेत केंटकी राज्यात कर्ट टॉफ्टलँड यांनी १९९५ मध्ये 'शेक्सपिअर बिहाइंड बार्स' हे काम सुरू केले. तेथे कैदी आपली भूमिका आपणच निवडतात आणि कित्येक जण आपल्या अपराधाला भिडणारीच निवडतात. म्हणजे तेथे नाटक ही करमणूक राहत नाही. केलेली गोष्ट रोज तालमीत पुन्हा पाहावी लागते. तरीही हे त्या आईला द्यावयाचे उत्तर नव्हे. मी एवढेच म्हणेन, की आतल्या माणसांपैकी बहुतेक जण एक दिवस बाहेर येणार आहेत, आणि ते आपल्याच गल्लीत येणार आहेत.

आले की पहिली ठोकर आपलीच. आमच्याकडे कामासाठी येणाऱ्या माणसाला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागतात. संघटनेचा प्रतिनिधी म्हणून मी दोनदा अशा माणसासाठी शब्द टाकला. एकदा कंत्राटदाराने ठेवून घेतले. एकदा आमच्याच सभासदांनी तक्रार केली. त्या दुसऱ्या वेळी मी जास्त ताणून धरले नाही.

आता सुरुवातीस कबूल केलेली हकीकत. १९९८ साली संपाच्या दिवसांत जमावबंदीचा हुकूम मोडल्याबद्दल आम्हां तेवीस जणांना धरले आणि एका जिल्हा कारागृहात ठेवले. स्पर्धेसाठी आमची एक एकांकिका बसत होती आणि तिच्यातले चौघे आमच्यातच होते. वेळ जावा म्हणून बराकीतच तालीम सुरू केली. पहारेकऱ्याच्या कामाला माणूस नव्हता. कोपऱ्यात विशीतला एक पोरगा बसलेला असे, तांब्याची तार चोरल्याचा आरोप, कोणाशी बोलत नसे. त्याला उभा केला. वाक्ये चारच. पहिले, "कोण आहे तिकडं?" पहिल्या दिवशी ते त्याच्या घशातून निघेना. दुसऱ्या दिवशी तो ते अंघोळीच्या हौदापाशी पुटपुटत होता. चौथ्या दिवशी सगळी बराक त्याला 'वॉचमन' म्हणू लागली, शिपाईदेखील. सकाळी उठल्यावर तो मला विचारी, "आज किती वाजता?" मी सांगितलेल्या वेळेच्या आधीच तो भिंतीशी येऊन उभा राही.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी आमचा जामीन झाला. घाईघाईने वळकट्या बांधल्या. बाहेर घोषणा ऐकू येत होत्या, हार आणलेले होते. तो गजांशी उभा होता. म्हणाला, "मग उद्याची तालीम?" मी म्हटले, "करू की." आणि निघालो.

संप मिटायला पुढे सहा आठवडे लागले. तो मिटल्यावर मला आठवण झाली आणि एका सकाळी मी मुलाकातीच्या खिडकीशी गेलो. सोबत एकांकिकेची वही नेली होती. आतल्या कारकुनाने रजिस्टर पुढे ओढले आणि कोणाला भेटायचे म्हणून नाव विचारले. चौदा दिवस मी त्याच्याकडून चार वाक्ये घोटून घेतली होती, पण त्याचे नाव मी कधी विचारलेच नव्हते. मी 'वॉचमन' म्हणालो. कारकून म्हणाला, "अहो, नाव सांगा, नाव." माझ्यामागे रांग होती. मी बाजूला झालो.